विश्लेषण : ऑलिव्ह तेलाच्या एका बाटलीमागे वर्षभराचे कोणते काम? छोट्या बागांचे गणित का जुळेना?

किराणा दुकानात शेंगदाणा, सूर्यफूल, करडईच्या तेलाशेजारी ऑलिव्ह तेलाची बाटली आता सर्रास दिसते. एकेकाळी हे तेल औषधांच्या दुकानात छोट्या डब्यातून मिळे आणि मुख्यतः तान्ह्या बाळाच्या मालिशासाठी घरात येई. आज ते सॅलडवर, पास्त्यात आणि काही घरांत फोडणीतही वापरले जाते. पण एका बाटलीची किंमत दुसरीच्या तिप्पट का, ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणजे नेमके काय आणि हे तेल काढणारा शेतकरी त्यातून किती कमावतो, याची माहिती फारशी नसते. इटलीच्या टस्कनी प्रांतातील एका छोट्या बागेचे वर्ष समजून घेतले, तर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

ऑलिव्ह तेल इतर खाद्यतेलांपेक्षा वेगळे कसे?

आपली बहुतेक खाद्यतेले बियांपासून निघतात. शेंगदाणा, तीळ, करडई वाळवून पोत्यात भरून ठेवता येतात आणि सवडीने घाण्यावर नेता येतात. ऑलिव्हचे तेल मात्र मुख्यतः फळाच्या गरात असते. ताजे फळ दळून, त्यातील पाणी वेगळे करून ते मिळते. त्यामुळे ते बियांच्या तेलापेक्षा फळाच्या रसाला अधिक जवळचे आहे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो, तसेच येथे होते. फळ तोडल्यापासून घाण्यापर्यंत जाणारा प्रत्येक तास तेलाची प्रत ठरवतो.

भाषेतही या फरकाची एक गंमत आहे. आपला ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला. इंग्रजीतील ‘ऑइल’ हा शब्द ऑलिव्हच्या ग्रीक आणि लॅटिन नावांवरून आला. ज्या प्रदेशात जे पीक, त्याचेच नाव सगळ्या तेलांना मिळाले. ऑलिव्हचे झाड आपल्याला अगदी परकेही नाही. आपल्या अंगणातला पारिजातक आणि जाई, जुई, मोगरा ही सारी त्याच वनस्पतिकुळातली.

‘छोटी बाग’ म्हणजे किती छोटी?

जगात सर्वाधिक ऑलिव्ह तेल स्पेनमध्ये होते. तेथील एकट्या हाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून अधिक झाडे आहेत. नव्या पद्धतीच्या लागवडीत झाडे कुंपणासारखी दाट रांगेत लावतात आणि रांगेवरून जाणारे उंच यंत्र फळे झोडून घेते. इटलीचे चित्र वेगळे आहे. टस्कनीत फ्लॉरेन्स, सिएना, लुक्का या शहरांभोवतीच्या टेकड्यांवर एक-दोन हेक्टरांच्या असंख्य बागा आहेत. एका हेक्टरवर साधारण दोनशे ते तीनशे झाडे असतात. जमीन उताराची, मुरमाड. सिमेंट किंवा चुना न वापरता दगडावर दगड रचून बांधलेल्या ताली ती धरून ठेवतात. ही दगडी बांध रचण्याची कला युनेस्कोने २०१८ मध्ये इटली, ग्रीस, क्रोएशियासह आठ देशांच्या नावे अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. मोठे यंत्र अशा तालींवर चढू शकत नाही. त्यामुळे काम हाताने किंवा हातातल्या छोट्या यंत्रानेच होते.

या बागांतील मुख्य जाती चार. फ्रांतोयो, लेच्चिनो, मोरायोलो आणि पेंदोलिनो. ‘फ्रांतोयो’ हा इटालियन शब्द तेलघाण्यासाठीही वापरतात. पेंदोलिनो मुख्यतः परागकणांसाठी लावतात, कारण लेच्चिनोसारख्या जातीला स्वतःच्या परागकणांनी फळ धरत नाही. चार जातींची चार प्रकारची झाडे एकाच बागेत असणे ही त्यामुळे हौस नाही, गरज आहे.

हिवाळ्यात बाग रिकामी असते का?

डिसेंबरअखेर फळे उतरलेली असतात आणि झाड विसावते. हा विसावा त्याला लागतोच. हिवाळ्याची थंडी मिळाली नाही तर पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर फुले येत नाहीत. पण थंडी मर्यादेपलीकडे गेली, तर झाडच मरते. जानेवारी १९८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिसरात पारा उणे २० अंश सेल्सियसच्या खाली गेला. खोडांच्या साली तडकल्या आणि टस्कनीतील लाखो झाडे वठली. शेतकऱ्यांनी ती जमिनीलगत कापली. ऑलिव्हचा बुंधा सहसा मरत नाही. कापलेल्या बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटले आणि त्यातले तीन-चार निवडून वाढवले गेले. आज या टेकड्यांवर एकाच जागेतून गोलाकार उभी असलेली तीन-चार खोडे दिसली, तर ती बहुधा त्या हिवाळ्याची खूण असते. मुळे जुनी आणि खोडे मात्र चाळिशीतली, असे ते झाड असते.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत छाटणी चालते. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला छाटणीचे महत्त्व सांगावे लागत नाही. ऑलिव्हलाही तोच न्याय लागू आहे. गेल्या वर्षी वाढलेल्या फांदीवर यंदा फळ येते. म्हणून जुने लाकूड काढायचे, नवे राखायचे, झाडाचा मध्य मोकळा ठेवायचा आणि उंची हाताच्या टप्प्यात आणायची. झाडाच्या फांद्यांतून पाकोळी पंख न लागता आरपार उडाली पाहिजे, असे तेथील शेतकरी म्हणतात. ऊन आणि वारा आत पोहोचला की बुरशीजन्य रोग कमी होतात. कसबी माणूस दिवसाला दहा-पंधरा झाडे छाटतो. म्हणजे अडीचशे झाडांच्या बागेला एका माणसाचे तीन आठवडे लागतात. हे काम जाणणारी माणसे आता कमी होत आहेत, ही तेथील नेहमीची तक्रार आहे.

फुलोरा आणि फळधारणा एवढी बेभरवशाची का?

मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत झाडावर बारीक, पांढरट, चार पाकळ्यांच्या फुलांचे घोस येतात. परागीभवन वाऱ्याने होते. त्या आठ-दहा दिवसांत सतत पाऊस लागला तर परागकण धुऊन जातात आणि कडक ऊन तापले तर फुले करपतात. सगळे जुळून आले तरी शंभर फुलांतून एक-दोनच फळे धरतात. बाकीची फुले गळणे हा झाडाचा स्वभाव आहे. शिवाय ऑलिव्हला हापूससारखीच वर्षाआड फळण्याची खोड आहे. एका वर्षी झाड लगडते आणि पुढच्या वर्षी हात आखडते. छाटणीने ही खोड कमी करता येते, घालवता येत नाही. त्यामुळे ‘बागेतून दरवर्षी किती तेल निघते?’ या प्रश्नाला शेतकरी सरासरी सांगू शकतो, हमी देऊ शकत नाही.

उन्हाळ्यात कोणता धोका असतो?

जुलैत फळाची कोय टणक होते. ऑगस्टपासून गरात तेल साठू लागते. याच काळात शेतकऱ्याचा मुख्य शत्रू येतो, तो म्हणजे ऑलिव्हची फळमाशी. आपल्या आंब्याला छळणारी फळमाशी आणि ही माशी एकाच प्रजातिसमूहातल्या, अगदी चुलत बहिणी म्हणाव्यात अशा. मादी फळाच्या सालीखाली अंडे घालते. अळी गर खात वाढते आणि भोक पाडून बाहेर पडते. त्या भोकातून हवा आणि बुरशी आत शिरते. असे फळ घाण्यात गेले की तेलाची आम्लता वाढते आणि त्याला कुबट वास येतो.

कडक, कोरडा उन्हाळा या माशीला मानवत नाही. दमट आणि सौम्य उन्हाळा मात्र तिच्या पथ्यावर पडतो. २०१३-१४ चा हिवाळा इटलीत उबदार गेला, त्यामुळे जमिनीतले कोष मेले नाहीत. पुढचा उन्हाळा पावसाळी निघाला. २०१४ च्या हंगामात इटलीचे एकूण उत्पादन आदल्या वर्षीच्या निम्म्यावर आले. टस्कनीतील अनेकांनी त्या वर्षी फळे तोडलीच नाहीत, कारण तोडणीची मजुरीही निघाली नसती. डायमेथोएट हे या माशीवर वर्षानुवर्षे वापरले गेलेले कीटकनाशक. त्याची परवानगी युरोपीय संघाने २०१९ मध्ये काढून घेतली. आता सापळे लावणे, फळांवर पांढऱ्या चिकणमातीचे पातळ द्रावण फवारून माशीला फसवणे आणि वेळेआधी तोडणी करणे, हे उपाय उरले आहेत. छोटा शेतकरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दर आठवड्याला शंभर फळे तोडून एकेक तपासतो, त्यामागे हेच कारण आहे.

तोडणी कधी करायची, हे कसे ठरते?

हिरवे आणि काळे ऑलिव्ह ही दोन वेगळी झाडे नव्हेत. एकच फळ आधी हिरवे असते, मग जांभळट होते आणि शेवटी काळे पडते. ऑक्टोबरच्या मध्याला टस्कनीतल्या बागांत तिन्ही रंग एकाच फांदीवर दिसतात आणि येथेच शेतकऱ्यापुढे पेच उभा राहतो. फळ झाडावर जितके पिकेल तितका तेलाचा उतारा वाढतो. पण तेलातला कडवटपणा, तिखटपणा आणि हिरव्या गवतासारखा वास तितकाच कमी होतो. उशीर केला तर माशी, वादळ आणि पहिल्या थंडीच्या लाटेचा धोकाही वाढतो. लवकर तोडणारा शेतकरी दर्जासाठी तेलाचे प्रमाण सोडून देतो. टस्कनीचे तेल घशाला झोंबणारे म्हणून ओळखले जाते, त्याचे एक कारण ही लवकर तोडणी आहे.

द्राक्षांचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संपतो आणि लगेच तीच कुटुंबे ऑलिव्हच्या बागेत उतरतात. झाडाखाली जाळी अंथरली जाते. कोणी शिडीवर चढून हातातल्या छोट्या फणीने फांद्या विंचरतो, कोणी लांब दांड्याला लावलेली, बॅटरीवर थरथरणारी फणी चालवतो. फळे जाळीवर पडतात. मग जाळी गुंडाळत फळे एका कोपऱ्यात आणायची, हाताने फांद्या-पाने निवडायची आणि फळे भोकांच्या उथळ क्रेटमध्ये भरायची. पूर्वी पोती वापरत. पोत्यात तळाची फळे चेंगरतात, ढीग आतून तापतो आणि आंबू लागतो. हवा खेळती ठेवणारा क्रेट ही साधी गोष्ट, पण तिने तेलाचा दर्जा बराच सुधारला.

हातफणीने एक माणूस दिवसाला ऐंशी-शंभर किलो फळे काढतो. यंत्राच्या फणीने दुप्पट. नोव्हेंबरचा दिवस लहान असतो, साडेचार-पाचला अंधारते. पाऊस आला तर काम थांबते, कारण ओल्या जाळीवर आणि उतारावर शिडी लावणे धोक्याचे. म्हणून शनिवार-रविवारी शहरातले भाऊ-बहीण, मित्र, शेजारी मदतीला येतात. त्यांची मजुरी बहुधा दुपारचे जेवण आणि जाताना हातात पडणारा तेलाचा डबा.

घाण्यावर नेमके काय होते?

नोव्हेंबरातला तेलघाणा म्हणजे आपल्याकडचे भरात आलेले गुऱ्हाळ. रात्रंदिवस यंत्रे चालू, दारात क्रेटच्या थप्प्या आणि नंबर लावून बसलेली माणसे. वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. आपल्याच फळांचे तेल आपल्याला वेगळे काढून हवे असेल, तर ठरावीक किमान वजन भरावे लागते. ते साधारण दोन-तीनशे किलो असते. छोट्या बागायतदाराची खरी अडचण इथे होते. दोघांनी एका दिवसात तोडलेली फळे तेवढी भरत नाहीत. मग तोडलेली फळे दोन-तीन दिवस ठेवायची की शेजाऱ्याच्या फळांत मिसळायची, हे ठरवावे लागते. ठेवली तर ताजेपणा जातो आणि मिसळली तर स्वतःच्या बागेची चव. मदतीला माणसे बोलावण्यामागे केवळ हौस नसते, एका दिवसात किमान वजन गाठण्याची घाईही असते.

फळे आधी पंख्याच्या झोतातून जातात, तेव्हा पाने उडतात. मग धुलाई होते. नंतर कोयीसकट फळ दळले जाते. पूर्वी हे काम दगडी जाती करत, आता बहुतेक ठिकाणी पोलादी यंत्रे करतात. तयार झालेला लगदा बंद टाकीत संथपणे घुसळला जातो. ही पायरी सर्वांत नाजूक. वीस ते चाळीस मिनिटांत तेलाचे सूक्ष्म थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात आणि वास देणारे घटकही याच वेळी तयार होतात. लगदा गरम केला तर तेल जास्त सुटते, पण वास उडतो. म्हणून तापमान २७ अंशांच्या आत राखतात. युरोपीय नियमांनुसार ‘कोल्ड एक्स्ट्रॅक्शन’ असे बाटलीवर छापायचे तर हीच मर्यादा पाळावी लागते.

त्यानंतर वेगाने फिरणारे आडवे यंत्र लगद्यातून तेल, पाणी आणि चोथा वेगळे करते. शेवटी तोटीतून हिरवेगार, किंचित गढूळ तेल पडू लागते. शंभर किलो फळांतून टस्कनीत साधारण १२ ते १८ किलो तेल मिळते. एका झाडाचे हिशेबाने दोन लिटरच्या आसपास. घाण्यातच चुलीवर भाजलेल्या बिनमिठाच्या पावावर लसूण चोळून, त्यावर नवे तेल ओतून खाण्याची तेथे पद्धत आहे. ‘फेत्तुंता’ हे त्याचे नाव. गुऱ्हाळावर गरम गूळ चाखावा, तसाच हा प्रकार. वर्षभराच्या कामाचा निकाल शेतकऱ्याला त्या पहिल्या घासात कळतो.

‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ कोण ठरवते?

त्याच्या दोन परीक्षा असतात. एक प्रयोगशाळेतली. मुक्त स्निग्धाम्लांचे प्रमाण ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. फळ चेंगरले, किडले किंवा ढिगात तापले की हे प्रमाण वाढते. म्हणजे हा आकडा एका अर्थाने फळाची किती काळजी घेतली, याची नोंद असतो. ही आम्लता जिभेला कळत नाही. दुसरी परीक्षा माणसांची. आठ ते बारा प्रशिक्षित चाखणाऱ्यांचा गट तेलाचा वास घेतो आणि चव पाहतो. रंग पाहून मत बनू नये, म्हणून पेला गडद निळ्या काचेचा असतो आणि तेल २८ अंशांपर्यंत कोमट केलेले असते. आंबूस, कुबट, खवट असा कोणताही दोष आढळला तर ते तेल ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ ठरत नाही. सौम्य दोष आणि दोन टक्क्यांपर्यंत आम्लता असलेले तेल ‘व्हर्जिन’. त्याहून वाईट तेल खाण्याजोगे मानले जात नाही, ते शुद्धीकरण कारखान्यात जाते.

कडवटपणा आणि घशात लागणारा ठसका मात्र दोष नाहीत. त्या दोन्ही गोष्टी चांगल्या ताज्या तेलाच्या खुणा आहेत. हा ठसका आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाच्या द्रावणासारखाच झोंबतो, हे गॅरी बोशां या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या लक्षात आले. त्यामागचा घटक, ओलिओकँथल, तसाच दाहशामक गुण दाखवतो, असे त्यांच्या गटाने २००५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. अर्थात रोजच्या आहारातल्या चमचाभर तेलाला औषध समजणे चूक ठरेल.

एवढे करून शेतकऱ्याच्या हाती काय उरते?

समजण्यापुरता एक ढोबळ हिशेब करू. अडीचशे झाडे, झाडामागे १२ किलो फळे, म्हणजे तीन हजार किलो. १४ टक्के उतारा धरला तर ४२० किलो, म्हणजे साडेचारशे लिटरहून थोडे अधिक तेल. थेट ग्राहकाला लिटरमागे १५ युरोने विकले तर सुमारे सात हजार युरो येतात. आता खर्च पाहा. तोडणीला तीस-पस्तीस मनुष्यदिवस, छाटणीला वीसेक, गवत कापणे, फवारणी आणि ताली दुरुस्त करणे मिळून आणखी दहा. असे साठ दिवस. बाजारभावाने मजुरी धरली तर पाच-सहा हजार युरो तेथेच संपतात. वर घाण्याचे दर, बाटल्या, डबे, इंधन. चांगल्या वर्षी हातातोंडाशी गाठ पडते आणि माशीच्या किंवा कमी फळाच्या वर्षी तोटा होतो.

हा हिशेब जुळतो तो एकाच अटीवर, घरच्या माणसांनी स्वतःची मजुरी धरली नाही तर. वडील छाटणी करतात, मुले सुट्टी काढून तोडणीला येतात आणि मिळालेल्या तेलात घरचे वर्ष निघते. उरलेले ओळखीच्यांना विकले जाते. वडील थकले आणि मुले दूरच्या शहरात गेली की हे गणित कोलमडते. सोडलेल्या बागेत दोन-तीन वर्षांत काटेरी जाळी माजतात, ताली ढासळतात, वाळलेले गवत उन्हाळ्यात वणव्याला आमंत्रण देते. टस्कनीतल्या अनेक टेकड्यांवर असे पडीक टप्पे आज दिसतात. बाटलीच्या किमतीत खरे तर मोठा वाटा असतो या माणसांच्या वेळेचा. बाजार तो मोजत नाही.

रोग आणि हवामानबदल यांचा फटका किती?

दक्षिण इटलीतील पुलिया हा त्या देशाचा सर्वांत मोठा ऑलिव्ह प्रांत. तेथील सालेंतो भागात २०१३ मध्ये ‘झायलेला फास्टिडिओसा’ हा जिवाणू आढळला. एक छोटा रसशोषक किडा तो झाडाझाडांवर पोहोचवतो. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका तुंबतात आणि फांद्या टोकापासून वाळत येतात. त्यावर औषध नाही. शेकडो वर्षे वयाच्या वृक्षांसह लाखो झाडे वाळली. १९८५ च्या थंडीनंतर टस्कनीची झाडे बुंध्यातून पुन्हा उठली, तसे येथे होत नाही, कारण रोग बुंध्यातही राहतो. तेथे आता नव्या लागवडीसाठी परवानगी असलेल्या मोजक्या जातींत टस्कनीची लेच्चिनो आहे, कारण ती हा रोग बऱ्यापैकी सोसते. टस्कनीच्या दक्षिण किनाऱ्यावर मोन्ते आर्जेंतारियो परिसरात २०१८ मध्ये या जिवाणूचा वेगळा उपप्रकार सापडला. सालेंतोसारखा विनाश तेथे झाला नाही, पण पाळत कायम आहे.

दुसरा धोका दुष्काळाचा. स्पेनमध्ये २०२१-२२ च्या हंगामात सुमारे १५ लाख टन तेल निघाले होते. दुष्काळ आणि फुलोऱ्याच्या वेळी आलेली उष्णतेची लाट यांमुळे २०२२-२३ मध्ये ते सात लाख टनांच्याही खाली घसरले. जगाच्या एकूण उत्पादनात स्पेनचा वाटा इतका मोठा की सगळीकडे भाव भडकले. २०२४ च्या सुरुवातीला स्पेनमधील घाऊक दर किलोला नऊ युरोच्या आसपास पोहोचले होते. पाऊस परतल्यावर ते पुन्हा उतरले. भाव चढतात तेव्हा छोट्या बागेला क्षणभर दिलासा मिळतो. उतरले की दुकानातील स्वस्त बाटलीशी तिची स्पर्धा पुन्हा सुरू होते.

भारतात ऑलिव्ह पिकते का?

राजस्थानात २००७-०८ पासून इस्रायलच्या तांत्रिक साहाय्याने लागवडीचा प्रयोग झाला. २०१४ मध्ये बिकानेर जिल्ह्यातील लूणकरणसर येथे तेलशुद्धीकरण केंद्रही सुरू झाले. वाळवंटी भागातील थंड हिवाळा आणि कोरडी हवा झाडाला चालते. कोकणात मात्र हिवाळा पुरेसा थंड नाही आणि पावसाळा फार मोठा, त्यामुळे तेथे झाड जगले तरी फळाची अपेक्षा धरता येत नाही. भारतातले बहुतांश ऑलिव्ह तेल आजही आयात होते.

ग्राहकाने बाटलीवर काय वाचावे?

पहिली गोष्ट प्रकार. नुसते ‘ऑलिव्ह ऑइल’ किंवा ‘प्युअर’ असे लिहिलेले तेल म्हणजे शुद्धीकरण केलेल्या तेलात थोडे व्हर्जिन तेल मिसळलेले असते. ‘पोमेस’ म्हणजे घाण्यातून उरलेल्या चोथ्यातून, आपल्या भाषेत पेंडेतून, रासायनिक द्रावकाने काढून शुद्ध केलेले तेल. तळणीसाठी ते वापरता येते, पण त्याला एक्स्ट्रा व्हर्जिनचे गुण चिकटवून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल मध्यम आंचेच्या स्वयंपाकाला चालते. मात्र फोडणीत त्याचा वास जळतो, म्हणजे आपण ज्यासाठी पैसे मोजले तेच जाते. कोशिंबीर, सॅलड, उकडलेल्या भाज्या, वरून घालायचे पदार्थ यांत त्याची किंमत वसूल होते.

दुसरी गोष्ट मूळ. इटालियन नावाच्या बाटलीत स्पेन, ग्रीस किंवा ट्युनिशियाचे तेल असू शकते. युरोपीय संघात २००९ पासून व्हर्जिन आणि एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाच्या बाटलीवर मूळ देश किंवा मिश्रण असल्याचे छापणे बंधनकारक आहे. मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचली तर ते कळते. मिश्रण म्हणजे भेसळ नव्हे, पण ते एका बागेचे तेलही नव्हे.

तिसरी गोष्ट तारीख. लोणचे मुरते, ऑलिव्ह तेल मुरत नाही, ते फक्त शिळे होते. बाटलीवर तोडणीचे वर्ष असेल तर सर्वांत अलीकडचे घ्यावे. गडद काचेची किंवा पत्र्याच्या डब्यातली छोटी खरेदी करावी आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावी. ओट्यावर शेगडीशेजारी, उन्हात ठेवलेली मोठी बाटली महिन्याभरात गुण गमावू लागते. नोव्हेंबरात टेकडीवरच्या एखाद्या कुटुंबाने फळ तोडल्यापासून घाण्यापर्यंतचे तास वाचवण्यासाठी केलेली धावपळ मग आपल्या स्वयंपाकघरात वाया जाते. आणि चमचाभर तेल चाखल्यावर घशाला ठसका लागला, तर बाटली परत करू नये. तेल ताजे आहे, एवढाच त्याचा अर्थ.